डबाभर तेल

गारिसाच्या कचेरीत पंखा फिरतो, हवा फिरत नाही.
मुसेम्बीसाहेब काचेवरून फडकं मारतात,
म्हणतात, अंगठा ठेव.
ठेवला.
यंत्र विचार करतं. मी केला नव्हता,
अकरा वर्षांची होते तेव्हा.

त्या साली शेळ्या बसल्या त्या उठल्याच नाहीत.
आई म्हणाली, छावणीत सीमेपलीकडच्यांना मका मिळतो, तेल मिळतं.
तोंड उघडायचं नाही. कुठली विचारलं तर रडायचं.
रांगेत मला खरंच रडू आलं,
तेवढं एक खोटं वाचलं.
चष्मेवाल्या बाईनं माझं एकेक बोट
काचेवर अलगद टेकवलं,
आजाऱ्याचं डोकं उशीला टेकवावं तसं.
दहा बोटं. एक डबा तेल.
डबा अजून आहे. त्यात आम्ही रॉकेल ठेवतो.

शुक्री तापानं फणफणली होती, म्हणून घरी राहिली.
छावणीतली बिस्किटं तिला मिळाली नाहीत
म्हणून दोन दिवस माझ्याशी कट्टी.

तेल महिन्यात संपलं.
बोटं संपली नाहीत.
कुठल्याशा थंड खोलीत, जिथली वीज कधी जात नाही,
ती आहेत, अकराच वर्षांची,
अजून रांगेत.

तू निर्वासित आहेस, साहेब पडद्याकडे बघत म्हणतात.
मी म्हणते, माझा आजा याच नदीकाठी पुरलाय.
आजोबांचं बोट नाही ना यात, ते म्हणतात
आणि खाली बघतात. वाईट माणूस नाही तो.

शाळा शिकले, हिशेब शिकले, दोन लिप्यांत सही करते,
आणि अडले कुठे, तर अंगठ्याशी.
माझाच अंगठा मला अंगठा दाखवतो.
लिंबानं घासला. मेंदीत बुडवला.
कुणी म्हणालं सिमेंट कालव, रेषा जातात.
तीन महिने कालवलं. सालं निघाली,
नवी कातडी आली, आणि तिच्यावर
त्याच रेषा, न विचारता परत आलेल्या पाहुण्यासारख्या.

म्हणून मी शुक्री आहे.
फोन शुक्रीचा, नंबर शुक्रीचा,
मी शिवलेल्या झग्यांचे पैसे शुक्रीच्या नावावर पडतात.
गिऱ्हाईक हाक मारतं, शुक्री! मी ओ देते.
खरी शुक्री नैरोबीत, दवाखान्यात कामाला.
तानाच्या पुलावर पोलीस कार्ड मागतात,
तेव्हा माझं जग पुलापर्यंत.

मंगळवारी चहाच्या टपरीवर रेडिओ सांगत होता,
आता कार्ड नको, कागद नको,
तुमचा चेहरा हीच तुमची किल्ली.
गूरे चहावाला म्हणाला, बरं झालं बुवा,
चेहरा कुणी घरी विसरत नाही.
सगळे हसले.
मीही हसले, शुक्रीच्या वतीनं.

बुधवारी फोननं गोल काढला.
चेहरा गोलात आणा. डोळे मिटा. उघडा.
आणला. मिटले. उघडले.
आमची आई अजून आम्हाला
एकमेकींच्या नावानं हाका मारते.
फोन चुकला नाही.
आईपेक्षा बारीक बघणाऱ्याला काय म्हणतात
ते मला कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

शनिवारी शुक्री आली. सहा तास बस, भुवयांवर धूळ.
पुलावर तिचं कार्ड बघून पोलिसानं जांभई दिली म्हणे.
दारातच तिनं फोन घेतला, ओढणी मागे सारली,
डोळे मिटले, उघडले.
हिरवी खूण.
माझे चार हजार शिलिंग सुटले.
झालं? ती म्हणाली. एवढ्यासाठी?

मग चहा पिताना माझा हात ओढून घेतला मांडीवर
आणि बघत बसली. हात बघणारे बघतात तसं नाही.
किती दिली होती गं बिस्किटं?
सहा.
कशी होती?

मऊ पडलेली, मी म्हटलं.
एक तुझ्यासाठी फडक्यात बांधून आणलं होतं.
तू बोलतच नव्हतीस.
मुंग्यांनी नेलं.